राखेखाली निखारा आहे का?

पायाची जखम चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. आजी म्हणते, "अवधाण आलंय." जखम भरली की गाठही जिरते. ही गाठ म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची जणू चौकीच! अशा चौक्या मानेत, काखेत, छातीत, पोटातही असतात.

पण कधी कधी चौकीतले शिपाईच बंड करतात आणि बेसुमार वाढू लागतात. हाच लिम्फोमा, एक प्रकारचा कर्करोग. त्यातल्या एका प्रकाराचं वर्णन १८३२ साली लंडनच्या डॉ. थॉमस हॉजकिन यांनी केलं, म्हणून तो हॉजकिन लिम्फोमा. तो तुमच्या वयाच्या मुलांनाही होऊ शकतो. पण घाबरू नका, त्यातले बहुतेक रुग्ण उपचारांनी बरे होतात.

मग अडतं कुठे? उपचार संपले, ताप गेला, भूक लागली. तरी सीटी स्कॅनमध्ये छातीतली गाठ दिसतेच! तो नुसता व्रण आहे, की आत रोग दडून बसलाय? सीटी स्कॅन गाठीचा आकार सांगतो, ती जिवंत आहे का ते नाही. चुलीतली राख नुसती बघून खाली निखारा आहे का, हे कळतं का? हात जवळ नेऊन धग बघावी लागते.

ही धग बघतो पेट स्कॅन. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोजच्या बाबतीत भारी अधाशी. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. डॉक्टर ग्लुकोजसारख्याच एका पदार्थाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून तो शिरेतून टोचतात. तासाभराने तो जिथे जास्त साचलाय, ती जागा पडद्यावर चमकते. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, म्हणून सायक्लोट्रॉन यंत्रात ताजंच बनवावं लागतं. भारतातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला.

किती चमक म्हणजे धोका? २००९ साली फ्रान्समधल्या दोव्हिल गावी तज्ज्ञ जमले आणि त्यांनी १ ते ५ गुण ठरवले. मोजपट्टी म्हणजे रुग्णाचंच यकृत! गाठीची चमक यकृताएवढी किंवा त्याहून कमी असेल तर १ ते ३ गुण, म्हणजे निखारा बहुधा विझला. जास्त असेल तर ४ किंवा ५, म्हणजे रोग उरल्याची किंवा उलटण्याची शक्यता अधिक. या परीक्षेत कमी गुण मिळवणारा पास, बरं का!

याचा आणखी एक फायदा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, औषधांच्या दोन फेऱ्यांनंतर ज्यांचा स्कॅन स्वच्छ आला, अशा हॉजकिनच्या निम्म्या रुग्णांचं ब्लिओमायसिन हे फुप्फुसांना त्रास देणारं औषध थांबवलं. तीन वर्षांनी दोन्ही गटांत शंभरातले सुमारे ८५ जण रोग न उलटता जगत होते.

तरी स्कॅन म्हणजे ज्योतिषी नव्हे. जंतुसंसर्गाची जागाही चमकते, म्हणून शंका आली तर गाठीचा तुकडा काढून तपासतात. उलट, मूठभर लपलेल्या पेशी स्कॅनला दिसतच नाहीत. म्हणून स्वच्छ स्कॅननंतरही डॉक्टरांकडे जात राहावं लागतं.

तुम्ही दोन गोष्टी करा. मानेत, काखेत न दुखणारी गाठ आली आणि दोन-तीन आठवड्यांत जिरली नाही, तर घरी लगेच सांगा. आणि असे उपचार संपवून एखादा मित्र वर्गात परतला, तर खुशाल त्याच्या शेजारी बसा. हा रोग स्पर्शाने पसरत नाही. पुढच्या तपासणीची धाकधूक मात्र त्याच्या मनात असते. ती एकट्याने का सोसायची?