फुग्याची मदार दोरावर

सोलापूर जिल्ह्याला आकाशातले फुगे नवे नाहीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबादमधील बलून केंद्रातून शास्त्रीय उपकरणे घेऊन फुगे सुटायचे असले, की आधी वर्तमानपत्रांत निवेदन येते. उपकरणे ज्या जिल्ह्यांत उतरू शकतात त्यांच्या यादीत लातूर, नांदेडच्या जोडीने सोलापूरचेही नाव असते. पातळ पॉलिथिनचा तो फुगा तीस-चाळीस किलोमीटर उंची गाठतो, काम आटोपले की उपकरणे पॅराशूटने खाली येतात आणि फुगा कायमचा निकामी होतो. त्याच्या देखभालीचा प्रश्नच येत नाही.

बांधलेल्या फुग्याचे, म्हणजे एरोस्टॅटचे, तसे नाही. तो आठवडेच्या आठवडे एकाच जागी वर राहायचा, वादळ आले की खाली यायचा आणि ते सरले की पुन्हा चढायचा. संपादकांनी या एरोस्टॅटवर लिहायला सांगितले, तेव्हा माझ्याही डोळ्यांसमोर पांढरा, माशाच्या आकाराचा फुगाच आला होता. वाचत गेलो तसा फुगा मागे पडला आणि नजर दोरावर खिळली. या यंत्राचे खरे अवघड काम दोर करतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात आंरी जिफारने २५,००० घनमीटरचा फुगा उभा केला. लोक त्यात बसून पाचशे मीटर वर जात आणि वाफेवर चालणारा रहाट त्यांना खाली ओढून आणी. त्याचा दोर वरच्या टोकाला जाड आणि खाली बारीक होता. वरच्या टोकाला फुग्याच्या ओढीबरोबर साऱ्या दोराचेही वजन पेलावे लागते, हे जिफारला पक्के ठाऊक होते. आपल्याकडे डीआरडीओच्या आग्र्यातील प्रयोगशाळेने २००० घनमीटरचा ‘आकाशदीप’ बनवला. तो किलोमीटरभर उंचीवरून टेहळणी करतो. मुंबई आयआयटीत प्रा. राजकुमार पंत यांच्या प्रयोगशाळेने हवेहून हलक्या वाहनांवर अनेक वर्षे काम केले आहे.

आता हाच २००० घनमीटरचा फुगा सोलापुरात आणा. समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानाला, हेलियमने पूर्ण भरलेला असा फुगा सुमारे २१०० किलो उचलतो. सोलापूर साडेचारशे मीटरांहून उंचावर आहे आणि मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. हवा विरळ झाली की उचल घटते. मी गणित मांडले तेव्हा जेमतेम १८०० किलो हाती लागले. दोराचे वजन मीटरला पाव किलो धरले तरी किलोमीटरभर दोर अडीचशे किलोंचा होतो. म्हणजे सोलापूरचा उन्हाळा एका दोराएवढी उचल खाऊन टाकतो. दोर बारीक हवा, हा हट्ट तिथून येतो; आणि बारीक दोराची निगा अधिक काटेकोर लागते.

या दोराच्या पोटात तांब्याच्या तारा असतात. त्यांतून वरच्या कॅमेऱ्याला आणि रडारला वीज जाते. तारा बारीक राहाव्यात म्हणून ही वीज जास्त व्होल्टची ठेवतात. शेजारी काचतंतू असतो, त्यातून चित्रे खाली येतात. त्यांच्याभोवती केवलार किंवा व्हेक्ट्रानचे तंतू सगळा ताण पेलतात. वीज पडली तर ती जमिनीत उतरावी म्हणून तांब्याची वीण, आणि सर्वांत बाहेर प्लॅस्टिकचे आवरण. केवलारला ऊन सोसत नाही, म्हणून आवरणावरचा एक ओरखडाही दुर्लक्षून चालत नाही. तांब्याचे दुखणे वेगळे. केवलार ताणाखाली थोडा लांबतो आणि सैल सोडला की पूर्ववत होतो. तांबे तेवढे लांबले तर परत येत नाही. ते आत दुमडते आणि शेवटी तुटते. त्यावर उपाय म्हणून तांब्याची तार सरळ न ठेवता गाभ्याभोवती पीळ देऊन गुंडाळतात, म्हणजे दोर ताणला की पीळ थोडा उलगडतो आणि तारेवर ताण येत नाही. ताण पेलणाऱ्या तंतूंचे थरही एकमेकांच्या उलट दिशेने वळलेले असतात, नाहीतर फुगा ओढ घेताच दोर स्वतःभोवती फिरू लागेल.

हा दोर सोडणाऱ्या आणि ओढून घेणाऱ्या विंचच्या रचनेपाशी मी सर्वांत जास्त रमलो. साधा विचार असा, की एक मोठा ड्रम घ्यावा आणि दोर गुंडाळावा. पण टनभर ओढीखाली गुंडाळलेला दोर खालच्या थरांना चिरडतो, वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत रुततो आणि पुढच्या वेळी सोडताना हिसका बसतो. म्हणून चांगल्या विंचमध्ये दोन कामे वेगळी केलेली असतात. दोर आधी शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन खाचांच्या चाकांवरून अनेक वेढे घेतो आणि घर्षणाने जवळजवळ सगळा ताण तिथेच जिरतो. मग तो शांतपणे साठवणीच्या ड्रमवर जातो आणि तिथे एक सरकता मार्गदर्शक त्याला ओळीने मांडतो. ड्रम फिरत असतानाही वीज आणि प्रकाशाचा संदेश अखंड राहावा म्हणून त्याच्या आसाशी फिरते जोड बसवतात. बिघाड व्हायचा तो बहुधा या जोडांत होतो, म्हणून ते दोर न उलगडता काढता येतील अशा जागी असायला हवेत. कित्येकदा ते यंत्राच्या पोटात दडवलेले असतात आणि एका ब्रशसाठी अख्खा ड्रम उतरवावा लागतो.

आपल्याकडे मोट चालायची तेव्हा बैल जुंपण्याआधी मोटकरी नाड्यावरून हात फिरवी, कारण नाडा झिजायचा तो चाकावरच्या ठरावीक भागात आणि मोटेशी बांधलेल्या टोकाला. एरोस्टॅटचा दोरही नेमका याच दोन जागी मरतो. फुगा दिवसचे दिवस एकाच उंचीवर ठेवला, तर कप्पीवर दोराचा तोच तुकडा घासला जातो. रोज काही मीटर उंची बदलली की झीज वाटली जाते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

टोकाची गोष्ट नाजूक आहे. तिथे गाठ चालत नाही. गाठीने दोराची ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. तंतू मोकळे करून, विंचरून, शंकूच्या आकाराच्या धातूच्या खोबणीत बसवतात आणि इपॉक्सी ओततात. ते कडक झाले की सगळे तंतू सारखा भार घेतात. तारा आणि काचतंतू आधीच बाजूला काढून, थोडी ढील ठेवून, जोडपेटीत नेलेले असतात. खोबणीच्या तोंडाशी, जिथे कडक भाग संपून लवचीक दोर सुरू होतो, तिथे वाऱ्याचा प्रत्येक हेलकावा जमा होतो. म्हणून हे टोक ठरावीक काळाने कापून पुन्हा बांधावे लागते. शहाणा आराखडा करणारा दोर गरजेपेक्षा बराच लांब घेतो, म्हणजे दर खेपेला काही मीटर कापले तरी उंची कमी पडत नाही. शिवाय फुगा नांगरल्यावर हे टोक छातीच्या उंचीवर येईल अशी सोय करतो. शिडीवर लोंबकळत इपॉक्सी ओतणाऱ्या माणसाकडून कोणती अपेक्षा ठेवायची? दोराच्या मधेच तार तुटली असेल, तर जमिनीवरून विजेचा किंवा प्रकाशाचा स्पंद पाठवून त्याच्या परतीच्या वेळेवरून तुटीचे अंतर कळते. ही तपासणी दर चढाईआधी व्हायला हवी.

इतकी काळजी घेऊनही घात होतो. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत मेरीलँडमध्ये ७४ मीटर लांबीचा लष्करी फुगा दोर तोडून निसटला. मागे सुमारे दोन किलोमीटर दोर फरफटत तो पेनसिल्व्हेनियात शिरला आणि विजेच्या तारा तोडून वीस हजारांहून अधिक ग्राहकांना अंधारात टाकून गेला. चौकशीत कळले, की दाब मोजणारी एक नळी बिघडली होती. त्यामुळे शेपटीच्या पंखांतली हवा कमी झाली, फुगा वाऱ्याला आडवा झाला आणि दोरावर न सोसणारी ओढ आली. निसटल्यावर आपोआप वायू सोडणाऱ्या यंत्रणेत बॅटऱ्याच बसवलेल्या नव्हत्या. दोर तुटला खरा, पण मूळ दोष देखभालीचा होता.

सोलापूरच्या बाबतीत मला याचीच धास्ती वाटते. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दुपारी तास-दीड तासात उभे राहतात. फुगा उतरवायचा, नांगरायचा आणि माणसे बाजूला न्यायची, एवढे सगळे त्याच वेळेत बसवावे लागेल. अमेरिकेच्या सीमेवरच्या एरोस्टॅट रडारांनाही हवामान धरून साठ टक्के वेळच उपलब्धता गृहीत धरली जाते. पंढरपूरच्या आषाढीला गर्दीवर नजर ठेवायला असा फुगा किती उपयोगी पडेल! पण आषाढातच या भागात वारा सर्वांत जोरात असतो. हेलियम जवळजवळ सगळा परदेशातून येतो, त्यामुळे प्रत्येक गळतीचे बिल डॉलरमध्ये. आणि विमानांचे काय? विमानांना अडसर ठरते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी वर्षानुवर्षांच्या वादानंतर १५ जून २०२३ रोजी पाडली गेली. चिमणी निदान दिसत तरी होती. किलोमीटरभर उंचीचा बोटाएवढा दोर वैमानिकाला दिसणार नाही; त्यावर दिवे, झेंडे आणि आखून दिलेले हवाई क्षेत्र हवेच.

तरीही हा प्रयोग इथे व्हावा असे मला मनापासून वाटते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये ढगबीजनाचा प्रयोग सोलापूर परिसरातच केला, कारण हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. मोकळा सोडलेला हवामानफुगा जमिनीलगतचा पहिला किलोमीटर तीन-चार मिनिटांत ओलांडून जातो. बांधलेला फुगा त्याच थरात दिवसभर थांबून बाष्प, धूळ, तापमान मोजू शकतो. त्यासाठी छोटा फुगा आणि काही शे मीटर दोर पुरेल, आणि तो ऑक्टोबर ते फेब्रुवारी या शांत महिन्यांत उडवावा. सोलापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यातला विंच हाती घ्यावा. सारख्या ताणाने सूत गुंडाळणे म्हणजे काय, हे इथल्या यंत्रमागांवर पिढ्यान्‌पिढ्या काम करणाऱ्यांना विचारता येईल. आणि उद्या पंढरपूरसाठी खरोखरच निविदा निघाली, तर ती काढणाऱ्यांनी फुग्याच्या आकाराआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: दोराची जादा लांबी किती, टोक पुन्हा बांधायला किती तास लागतात, आणि ते बांधणारी माणसे इथली असतील की नाही.