पीएलसीच्या स्मृतीत कोण कुठं राहतं?

पूर्वी मोटारींच्या कारखान्यात यंत्रांचा ताबा रिलेंनी भरलेल्या मोठमोठ्या कपाटांकडे असे. गाडीचं मॉडेल बदललं की सारं वायरिंग पुन्हा करावं लागे. ही कटकट टाळण्यासाठी १९६८ मध्ये अमेरिकेत पीएलसीची कल्पना पुढं आली आणि डिक मोर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ घडवला. तारा गेल्या, त्यांच्या जागी स्मृती आली. पण तार डोळ्यांना दिसते, स्मृती दिसत नाही. म्हणून नव्या मुलांना मी नेहमी सांगतो, प्रोग्रॅमला हात लावण्याआधी स्मृतीचा नकाशा पाहा.

सीमेन्सच्या पीएलसीचं उदाहरण घेऊ. त्यातल्या स्मृतीचे वेगवेगळे वाडे आहेत. ‘आय’ वाड्यात बटणं आणि सेन्सर यांची खबर येते, ‘क्यू’ मधून मोटारी आणि दिव्यांना हुकूम जातो आणि ‘एम’ ही प्रोग्रॅमची स्वतःची टिपणवही. प्रत्येक फेरीत पीएलसी आधी इनपुट टिपून घेतो, मग प्रोग्रॅम चालवतो आणि त्यानुसार आउटपुट बदलतो.

आठ बिटांचा एक बाइट, दोन बाइटांचा एक वर्ड. खरी गंमत, आणि खरा धोकाही, इथंच आहे. ‘एम डब्ल्यू १०’ हा वर्ड म्हणजे १० आणि ११ या दोन बाइटांची जोडी. ‘एम डब्ल्यू ११’ म्हणजे ११ आणि १२. म्हणजे अकरावा बाइट दोघांच्याही वाट्याला येतो! एकाच खोलीत दोन बिऱ्हाडं.

समजा, ‘एम डब्ल्यू १०’ मध्ये बाटल्यांची मोजणी चालू आहे. कुणीतरी ‘एम ११.०’ हा बिट मोकळा समजून त्यावर पंप जोडला. हा बिट म्हणजे त्या आकड्यातला एकं दाखवणारा शेवटचा बिट. मोजणी विषम झाली की पंप सुरू, सम झाली की बंद! तारा ठीक, मोटार ठीक. बिचारा फिटर दिवसभर शोधत बसतो. आणि पंपाऐवजी तिथं प्रेसचा दट्ट्या असेल तर? शेजारी काम करणाऱ्याच्या हातावरच बेतायचं.

उपाय सोपा आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘असाइनमेंट लिस्ट’ नावाचा तक्ता असतो. कोणता बिट वापरात आहे आणि कोणता बाइट वर्डचा भाग आहे, हे त्यात एका नजरेत दिसतं. ‘क्रॉस रेफरन्स’ मध्ये तो पत्ता प्रोग्रॅममध्ये कुठं कुठं वाचला किंवा लिहिला जातो, ते कळतं. वीज गेल्यावर कोणते बाइट आकडा जपून ठेवणार, हेही आधी तपासावं. नाहीतर वीज आल्यावर मोजणी शून्यापासून सुरू होते.

भाड्यानं खोली देण्याआधी आत कुणी राहतं का, हे आपण बघतोच ना? नवा बिट घेतानाही तेवढंच करायचं.