छपाईची रांग – लेखांक ६ : प्रिंटर पलीकडच्या यंत्रावर

मागच्या लेखांकात रांग आणि प्रिंटर एकाच यंत्रावर होते. आता प्रिंटर दुसऱ्या यंत्राला जोडलेला आहे आणि आपल्याला इथून छापायचं आहे. बर्कली युनिक्सच्या एलपीडीत ही सोय करायला जेमतेम चार नोंदी पुरतात. वेळ जातो तो पलीकडच्या यंत्राला राजी करण्यात.

प्रिंटकॅप फाइलीत 'आरएम'पुढे प्रिंटर ज्याच्याकडे आहे त्या यंत्राचं नाव लिहायचं, 'आरपी'पुढे तिथल्या रांगेचं नाव आणि 'एसडी'पुढे आपल्याकडची स्पूल डिरेक्टरी. 'एलपी' मात्र रिकामं ठेवायचं, कारण इथे उपकरण जोडलेलंच नाही. 'आरपी' गाळलंत तर पलीकडे 'एलपी' नावाची रांग गृहीत धरली जाते, आणि तुमचे कागद भलत्याच प्रिंटरमधून बाहेर पडू शकतात.

प्रिंटर तिकडे असताना स्पूल डिरेक्टरी इकडे कशाला? पलीकडचं यंत्र बंद असलं तरी छपाईची आज्ञा देणाऱ्याला ताटकळावं लागू नये म्हणून. काम इथेच साठतं आणि डीमन जमेल तेव्हा ते पुढे ढकलतो.

ही ढकलाढकली ५१५ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवर चालते. आपला डीमन आधी २ या मूल्याची एक बाइट आणि रांगेचं नाव पाठवतो; म्हणजे 'काम घेता का?' पलीकडून शून्याची बाइट आली की होकार. मग फाइल किती बाइटांची आहे आणि तिचं नाव काय ते सांगायचं, पुन्हा शून्याची वाट पाहायची, फाइल ओतायची, पुन्हा शून्य. बर्कलीचा डीमन मजकुराची फाइल आधी पाठवतो; कोणी, कुठल्या यंत्रावरून आणि काय छापायला दिलं हे सांगणारी नियंत्रण फाइल शेवटी. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. पलीकडचा डीमन रांगेत नियंत्रण फाइलीच शोधतो, त्यामुळे अर्धवट आलेलं काम चुकून छापलं जात नाही.

आता राजी करण्याची गोष्ट. 'तुमच्या यंत्राला लाइन प्रिंटर वापरण्याची मुभा नाही' असा इंग्रजी निरोप आला, तर आपल्या प्रिंटकॅपमध्ये डोकं घालत बसू नका. पलीकडच्या यंत्रावर 'होस्ट्स.एलपीडी' फाइलीत आपल्या यंत्राचं नाव आहे का ते पाहा. नाव असूनही नकार येत असेल, तर आयपी पत्त्यावरून उलट शोध घेतल्यावर वेगळंच नाव निघतंय का ते तपासा. बहुतेक वेळा घोडं तिथेच अडलेलं असतं.

या सगळ्याचं लेखी वर्णन ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ म्हणून आलं. ते चालू वहिवाटीची नोंद करतं, मानक ठरवत नाही. त्यातली एक अट मात्र जाचक आहे : पाठवणाऱ्याचं पोर्ट ७२१ ते ७३१ यांपैकीच हवं. १०२४ च्या खालची पोर्टं युनिक्सवर फक्त रूटला उघडता येतात, म्हणून त्या काळी ही विश्वासाची खूण होती. पण पोर्टं झाली अवघी अकरा! जोडणी बंद झाल्यावरही टीसीपी त्या पोर्टाला काही काळ अडकवून ठेवतो. लहान लहान कामांची झुंबड उडाली की अकराही पोर्टं गुंततात, आणि प्रिंटर मोकळा असूनही रांग खोळंबते. लॅपटॉपवर ज्याला त्याला रूट होता येतं, तिथे या खुणेत काही अर्थ उरत नाही. म्हणून कप्सच्या एलपीडी बॅकएंडमध्ये ही अट पाळायची की नाही हे ठरवण्याचा पर्याय ठेवलेला आहे. पलीकडचा सर्व्हर अडून बसत नसेल तर खुशाल सोडून द्या.