पोट उतरवायचं आणि दंडही भरायचे

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांसमोर तीन कामं असतात. 1600 मीटर धावायचं, 100 मीटर धावायचं आणि 7.26 किलोचा गोळा फेकायचा. गुण अनुक्रमे 20, 15 आणि 15. शिवाय छाती न फुगवता 79 सेंटीमीटर भरली पाहिजे आणि फुगवल्यावर आणखी 5 सेंटीमीटर वाढली पाहिजे. धुळ्यात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 6 आहे. धुळे आणि जळगाव जिल्ह्यांत भरतीची तयारी करणारी मुलं गावोगाव भेटतात, आणि त्यांच्यापुढचा पेच या तीन कामांतच दडलेला असतो. सोळाशे मीटरला अंग हलकं हवं. गोळ्याला ताकद हवी. छातीला भरणा हवा. मग आधी वजन वाढवायचं की आधी पोट कमी करायचं?

जिममध्ये विचारलं तर बहुधा ठरलेलं उत्तर मिळतं: आधी ‘बल्क’, मग ‘कट’. म्हणजे काही महिने भरपूर खाऊन वजन वाढवायचं आणि नंतर उपाशी राहून चरबी उतरवायची. ही पद्धत स्पर्धेतल्या शरीरसौष्ठवपटूंची आहे. त्यांनी वर्षानुवर्षं वजनं उचललेली असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात नवे स्नायू फार सावकाश वाढतात. ज्याने बारबेलला काल-परवा हात लावला आहे, त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचं शरीर चरबी कमी करता करता स्नायू वाढवू शकतं, आणि पोट सुटलेलं असेल तर हे आणखी सोपं जातं.

याचा सर्वांत ठळक पुरावा 2016 मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातून आला. स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने वजन जास्त असलेल्या 40 तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा 40 टक्के कमी कॅलरी दिल्या आणि आठवड्यातले सहा दिवस कसून व्यायाम करायला लावला. निम्म्यांना दर किलो वजनामागे रोज 1.2 ग्रॅम प्रथिनं मिळत होती, उरलेल्यांना 2.4 ग्रॅम. पहिल्या गटाची चरबी 3.5 किलोने उतरली, पण चरबीविरहित वजन जवळजवळ तेवढंच राहिलं. दुसऱ्या गटाची चरबी 4.8 किलोने घटली आणि चरबीविरहित वजन 1.2 किलोने वाढलं. इतका कडक आहार देखरेखीशिवाय कुणी करू नये. मात्र उपाशीपणातही स्नायू वाढू शकतात, हे या प्रयोगाने दाखवून दिलं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चरबीचे स्नायू होत नाहीत. दोन्ही ऊती वेगळ्या आहेत आणि एकीचं दुसरीत रूपांतर होत नाही. होतं ते असं: एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी साठलेल्या असतात. 80 किलोच्या माणसाच्या अंगावर 20 किलो चरबी असेल तर दीड लाखांहून जास्त कॅलरी तो सोबत घेऊन फिरत असतो. स्नायू बांधायला लागणारी ऊर्जा या साठ्यातून मिळू शकते. बांधायचं साहित्य, म्हणजे प्रथिनांतली अमिनो आम्लं, मात्र ताटातूनच यावी लागतात.

नवशिक्याला निसर्ग झुकतं माप देतो, त्याची कारणंही ठाऊक आहेत. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. मेंदू जास्त स्नायूतंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो. म्हणून दंडाचा घेर तेवढाच असताना उचललेलं वजन वाढत जातं. दुसरं असं की वजन उचलल्यावर स्नायूंतली प्रथिनबांधणी एक-दोन दिवस वाढलेली राहते. अगदी सुरुवातीला या बांधणीचा मोठा भाग झिजलेले तंतू दुरुस्त करण्यात जातो. अंगाला सवय झाली की तीच बांधणी वाढीकडे वळते. पहिल्या पंधरवड्यात अंग फक्त दुखतं आणि आरशात काही दिसत नाही, म्हणून जिम सोडून देणाऱ्याने हे नक्की जाणून घ्यावं.

या विषयाला आपल्याकडे एक जास्तीची निकड आहे, आणि ती पुण्यातल्या संशोधनातून पुढे आली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराची ‘सडपातळ तरीही चरबीयुक्त’ ही घडण जगासमोर मांडली. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय 22.3 होता. मॅरेथॉन धावणाऱ्या युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के होती, तर याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के. पुण्याजवळच्या गावांतल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो होतं. तरी आपल्या बाळांमध्ये स्नायू जितके कमी होते, तितकी चरबी कमी नव्हती. हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही ठेवण चाळिशीत अचानक येत नाही. अशा माणसाने नुसतं वजन घटवलं तर मुळात कमी असलेले स्नायूही झिजतात. नुसतं वाढवलं तर पोट वाढतं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर शोषून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात, त्यामुळे मधुमेहाच्या दृष्टीनेही हा तोटाच. आपल्यासारख्यांना दोन्ही कामं एकदम करणंच जास्त फायद्याचं.

आता ताटाकडे वळू. किती प्रथिनं पुरेशी? 49 अभ्यास आणि 1,863 माणसं एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या आढाव्यात दर किलोमागे रोज सुमारे 1.6 ग्रॅमनंतर स्नायूवाढीत फारशी भर पडत नसल्याचं दिसलं. 75 किलोच्या तरुणाला याप्रमाणे 120 ग्रॅम लागतात. आयसीएमआरची सर्वसाधारण शिफारस 0.83 ग्रॅमची, म्हणजे त्याच्यासाठी साधारण 62 ग्रॅमची आहे. दोन्हींतली दरी मोठी आहे, पण खानदेशी स्वयंपाकघरात ती भरून काढण्याची सोय आहे. कळण्याची भाकरीच घ्या. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी पडतं, ते ज्वारी पुरवते. चार भाग ज्वारीला एक भाग उडीद धरला तर शंभर ग्रॅम पिठात साडेबारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात, तीही नुसत्या ज्वारीपेक्षा सरस दर्जाची. अशा दीडशे ग्रॅम पिठाच्या भाकरी, दोन वेळचं मिळून सव्वाशे ग्रॅम डाळीचं घट्ट वरण, अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम पनीर, पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्या आणि मूठभर फुटाणे एवढ्यात शाकाहारी माणूस 110 ते 120 ग्रॅमपर्यंत पोहोचतो. अंडी खाणाऱ्याला एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे त्याचं काम आणखी सोपं.

काही लाडक्या पदार्थांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. रावेर-यावलची केळी हे व्यायामाआधीचं उत्तम इंधन आहे, पण एका केळ्यात प्रथिनं जेमतेम एक-सव्वा ग्रॅम असतात. स्नायू बांधायला ती पुरत नाहीत. शेंगदाण्यात प्रथिनं शंभर ग्रॅमला 23 ग्रॅम असली तरी सोबत पाचशेहून जास्त कॅलरी येतात. शेवभाजीत बेसन आहे खरं, पण तळलेली शेव आणि वर तेलाची तर्री यांनी हिशेब फिरतो. हिवाळ्यात शेतातल्या भरीत-पार्टीला जरूर जावं; रोजच्या भाजीत मात्र तेल मोजून टाकावं. जेवण तोडण्यापेक्षा एवढ्याने रोजच्या दोन-तीनशे कॅलरी सहज कमी होतात, आणि तेवढी तूट पुरे. 2022 च्या एका विश्लेषणात रोजची तूट पाचशेच्या आसपास गेली की सरासरीने स्नायूवाढ थांबत असल्याचं आढळलं.

तालमीतल्या खुराकाचा मान वेगळा आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावचे विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा खानदेशातल्या कितीतरी मुलांना दूध, तूप, बदामाची ओढ लागली असेल. पण महाराष्ट्र केसरीच्या मल्लाला भारी वजन आखाड्यात उपयोगी पडतं आणि त्याची मेहनतही दिवसाला काही तासांची असते. दुकानात आठ तास बसून संध्याकाळी तासभर जिमला जाणाऱ्याने तो खुराक उचलला, तर तूप पोटावरच जमा होणार.

व्यायाम साधाच ठेवावा. आठवड्यातून तीन दिवस स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस, रोइंग, खांद्यावरून वर ढकलणं; प्रत्येक सेट शेवटच्या एक-दोन रेप्स उरतील इथवर न्यायचा आणि हातातलं वजन हळूहळू वाढवत जायचं. भरतीवाल्यांसाठी 1980 चा रॉबर्ट हिक्सन यांचा प्रयोग महत्त्वाचा आहे. ताकदीचा आणि दमाचा कडक सराव एकत्र करणाऱ्यांची ताकद सात आठवडे वाढली, मग अडकली आणि शेवटी घसरू लागली. रोज पहाटे लांब धावून त्याच पायांनी संध्याकाळी जड स्क्वॅट मारणाऱ्याने आठवड्यातले धावण्याचे एक-दोन दिवस तरी कमी करावेत.

झोपेकडे फारसं कुणी बघत नाही. शिकागो विद्यापीठाच्या 2010 च्या अभ्यासात तीच माणसं तेवढाच कमी आहार घेऊन एकदा साडेआठ तास आणि एकदा साडेपाच तास अंथरुणावर राहिली. वजन दोन्ही वेळा सारखंच, सुमारे तीन किलो उतरलं. पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. उरलेलं बहुतेक वजन स्नायूंसह चरबीविरहित भागातून गेलं.

आणि वजनकाटा. दोन किलो चरबी गेली आणि दीड किलो स्नायू आले तर काटा अर्धा किलोच दाखवणार, आणि माणूस समजणार की कष्ट वाया गेले. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळचं तापमान 45 अंशांना भिडतं, तेव्हा एका दुपारच्या घामातच किलोभर वजन इकडचं तिकडे होतं. म्हणून वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी करावं आणि आठवड्याची सरासरी बघावी. त्याहून भरवशाची शिंप्याची टेप. बेंबीपाशी कंबर, दंड आणि मांडी दर पंधरवड्याला मोजावी, वहीत उचललेली वजनं लिहावीत. भारतीय पुरुषांसाठी कंबर 90 सेंटीमीटरच्या आणि बायकांसाठी 80 च्या आत असणं तब्येतीला बरं मानतात. बायकांच्या शरीरालाही हेच नियम लागू पडतात. वजनं उचलली की पुरुषी दिसू, ही भीती निराधार आहे.

डब्यातल्या पावडरीची गरज बहुतेकांना नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचाच सल्ला दिला आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा जुना मधुमेह असलेल्यांनी तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

हा दुहेरी फायदा कायम टिकत नाही. काही महिन्यांनी, कुणाला वर्षभराने, कंबर उतरायची थांबते आणि बारबेलवरच्या प्लेट्सही वाढेनाशा होतात. तेव्हा निवड करावी लागते. भरतीची तारीख जवळ आलेल्याने आहार तसाच ठेवून वजनांचे दिवस दोनवर आणावेत आणि सोळाशे मीटरवर भर द्यावा. ज्याला घाई नाही, त्याने रोजच्या जेवणात एखादी भाकरी आणि वाटीभर डाळ वाढवून पुढचे काही महिने फक्त ताकदीला द्यावेत.