कान वाजतो, त्यावर औषध काय?

गळीत हंगाम संपतो, मिल बंद पडते, पण टर्बाइनजवळ वर्षानुवर्षे काम केलेल्या कित्येकांच्या कानातला किर्र आवाज काही बंद होत नाही. रात्री निजानीज झाली की रातकिडा कानातच बसलाय असं वाटतं. मग औषधाचा शोध सुरू होतो. कोणी लसणाचं गरम तेल सोडतो, कोणी थेंब, कोणी टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालतो.

हा शोध मोठमोठ्या डॉक्टरांनीही केला आहे. १९३५ साली रॉबर्ट बारानी या नोबेल पारितोषिक मिळालेल्या कानाच्या डॉक्टरांनी नमूद केले, की नाकात प्रोकेन हे भुलीचे औषध टोचल्यावर कान वाजणे तात्पुरते थांबते. पुढे लिडोकेन शिरेतून देऊन पाहिले. अनेकांचा आवाज खरोखर दबला, पण थोड्या वेळाने पुन्हा सुरू! शिवाय हृदयाच्या ठोक्यांना धोका. त्याच जातीची टोकेनाइडची गोळी आली, तीही त्रासदायक ठरली. नंतर फिटची औषधे, उदासीनतेवरच्या गोळ्या, जस्त, गिंको झाडाचा अर्क, सारं झालं. २०१४ साली अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेने सांगितले, की निव्वळ कान वाजतो म्हणून ही औषधे देऊ नयेत.

असे का? मोठ्या आवाजाने आतल्या कानातील केसासारख्या बारीक पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत. ऐकू येणे कमी झाले की मेंदू जणू रेडिओचा आवाज वाढवतो, आणि नसलेला नाद ऐकू येतो. कानात सोडलेला थेंब तिथे पोचणार कसा? पडद्याला भोक असेल तर तेलाने उलट कान चिघळायचा.

म्हणून आधी कान तपासून घ्या. नुसता मळ असेल तर तो काढल्यावर पुष्कळदा बरं वाटतं. रक्तदाब, रक्तक्षय हेही पाहावे. ॲस्पिरिनचे मोठे डोस, क्विनीन, जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांनीही कान वाजतो. मात्र औषध चालू असेल तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बऱ्याच जणांना दुहेरी फायदा होतो. निजताना पंख्याचा बारीक आवाज असू द्यावा. आवाजाची धास्ती कमी करणारा मानसोपचारही आहे. त्याने आवाज जात नाही, पण झोप येते.

एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज, किंवा अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र वाट पाहू नका. अचानक गेलेल्या श्रवणावर पहिल्या काही दिवसांतच स्टिरॉइडचा उपयोग होण्याची आशा असते.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या यादीतला व्यवसायजन्य रोग आहे. मिलमधल्या मंडळींनी कानाचे प्लग मागून घ्यावेत. कापसाच्या बोळ्याने काम भागत नाही.