राग आला की बॅग बडवायची का?

कॉलेजात जाणारा मुलगा घरी येतो, दप्तर आपटतो, आईवर खेकसतो, धाकट्यावर हात उगारतो. वस्तीतल्या अनेक घरांतून ही तक्रार आम्ही ऐकतो. सल्लाही ठरलेला असतो : "त्याला जिमला घाला, अंगातली रग जिरेल." हा सल्ला अर्धाच खरा आहे.

राग येतो तेव्हा छातीचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात. शरीर भांडायला तयार होते. जोरात धावल्यावरही शरीराची अवस्था बरीचशी अशीच होते. म्हणून तापलेल्या डोक्याने केलेली अंगमेहनत आगीवर फुंकर घातल्यासारखी ठरू शकते. २००२ साली ब्रॅड बुशमन या संशोधकाने अमेरिकेतील ६०० कॉलेज विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याचा राग आला त्याला आठवत पंचिंग बॅग बडवणारे विद्यार्थी, शांत बसलेल्यांपेक्षा जास्त रागावलेले आढळले. २०२४ मध्ये १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले. संथ श्वास, ध्यान, योगासने यांनी राग उतरतो. नुसत्या धावण्याने उतरत नाही, असे त्यातून दिसले. चेंडूच्या खेळांनी मात्र राग कमी झाला.

मग व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. रागाच्या क्षणाचा उपाय वेगळा आणि रोजची सवय वेगळी. नियमित व्यायामाने झोप चांगली लागते, चिंता व उदासी कमी होते. झोप पुरलेले मन लवकर भडकत नाही. जागतिक आरोग्य संघटना १८ वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस किमान अर्धा तास. त्यासाठी जिमची फी लागत नाही. भरभर चालणे, दोरीवरच्या उड्या, कबड्डी, व्हॉलीबॉल पुरे. विहारासमोरच्या पटांगणात मुलींसाठीही वेळ राखून ठेवा. परीक्षेचा आणि घरकामाचा ताण त्यांच्यावरही असतोच.

एक सावधगिरी : शरीर लवकर फुगवण्यासाठी स्टेरॉइडची इंजेक्शने घेऊ नका. त्यांनी चिडचिड व आक्रमकपणा वाढू शकतो, हृदयालाही धोका असतो.

राग आलाच तर काय करावे? तिथून बाजूला व्हावे, बसावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाच-दहा मिनिटे लक्ष द्यावे. ही आपल्याला परकी गोष्ट नाही. तथागतांनी आनापानसती शिकवली, धम्मपदात क्रोधावर स्वतंत्र वग्ग आहे.

पण प्रत्येक राग हा आजार नव्हे. जातीवरून टोमणे मिळाले, शिष्यवृत्ती अडकली, तर राग येणारच. तो गिळा असे आम्ही म्हणणार नाही. मात्र एका ठोशाने पोलिसात गुन्हा नोंदला जातो आणि पुढे नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो. अन्याय करणारा नामानिराळा राहतो, शिक्षण आपल्या मुलाचे थांबते. डोके थंड ठेवून तारीखवार लेखी तक्रार करा, साक्षीदार जोडा, संघटनेला सोबत घ्या.

पालकांनो, मुलगा वा मुलगी दोन आठवडे सतत चिडलेली, गप्प किंवा झोप उडालेली दिसली, तर रागावण्याआधी विचारपूस करा. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत सल्ला मिळतो.