पहिला स्वेटर ढगळच विणा

आमच्या चिपळूणकडे स्वेटर म्हणजे ट्रंकेत राहणारी वस्तू. डिसेंबरच्या अखेरीस चार-सहा पहाटे गारवा पडतो, तेव्हा तो बाहेर निघतो आणि डांबराच्या गोळ्यांचा वास उडेपर्यंत थंडी संपते. त्यामुळे आमच्या घरांतून विणकाम कुणाला येत नाही याचं नवल नाही. मी शिकले ती बी.एड.ला असताना, पुण्याच्या वसतिगृहात, खोलीतल्या मैत्रिणीकडून. नंतर दोन-चार टोपरी विणली आणि सुया कपाटात गेल्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी माझे दुलाभाई अचानक गेले. आपा इद्दतीत बसली. तिचा मुलगा नाशिकला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला. पंधरा दिवस घरी राहून परीक्षेसाठी परत गेला. नोव्हेंबर संपता संपता टीव्हीवर निफाडच्या थंडीच्या बातम्या सुरू झाल्या. आपा रोज फोन करायची, तो रोज म्हणायचा, "मला थंडी वाजत नाही." त्याचे अब्बाही असंच म्हणायचे, आणि मग रात्री उठून दुसरं पांघरूण शोधायचे. एका संध्याकाळी मी शाळेतून तिच्याकडे गेले तर ती म्हणाली, "मला विणायला शिकव. स्वेटर करायचाय."

तिचं वय एकोणपन्नास. बटण लावण्यापलीकडे हातात सुई कधी धरलेली नाही. मी म्हटलं, बाजारात तयार मिळतो, उद्याच पाठवू. ती म्हणाली, "तो पाठवच. पण इशानंतर मी काय करू, ते सांग."

मी दुसऱ्या दिवशी लोकर घेऊन गेले.

भेटायला येणाऱ्या बायकांपैकी एक-दोघींनी भुवया उंचावल्या. इद्दतीत बसून स्वेटर विणतात का? आपा बिचकली. मग आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांना विचारून घेतलं. ते म्हणाले, मनाई आहे ती साजशृंगाराची, खुशबूची, नटण्याच्या कपड्यांची. घरात बसून हातानं काम करायला कुणी अडवलंय? उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (रजि.) स्वतःच्या हातांनी काम करत आणि त्यातून येईल ते सदका करत, हेही त्यांनी आठवून दिलं. तेव्हापासून त्या बायका आल्या की सुईवर किती झालं ते आधी बघायच्या.

आता मुद्द्याचं. ज्यांनी कधी विणलं नाही त्यांनी पहिल्यांदा काय विणावं? सगळे सांगतात मफलर. मला ते पटत नाही. दोन हात मफलर विणताना माणूस कंटाळतो आणि शेवटी हाती येतो तोही मफलरच. त्यापेक्षा सैल, ढगळ पुलओव्हर घ्या. चार चौकोनी तुकडे विणायचे आणि शिवायचे. मुंढ्याला आकार नाही, गळ्याला खोल नाही. अंगाबरोबर स्वेटरात अर्धा इंच चुकला तरी काखेत ओढतो. ढगळ स्वेटरात एक इंच चुकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाय आजकाल पोरांना असलेच कपडे आवडतात, आणि आपल्या मुलींनाही अंगाला न चिकटणारा, स्कार्फखाली नीट बसणारा स्वेटर हवाच असतो.

लोकर जाड घ्या. बारीक लोकरीनं काम सुंदर होतं पण संपत नाही. मोठ्या माणसाच्या ढगळ स्वेटराला जाड लोकर ६०० ते ७०० ग्रॅम लागते. नवशिक्यांना ॲक्रिलिक बरं. धुवायला सोपं, आणि उसवून पुन्हा विणलं तरी तुटत नाही. रंग फिका किंवा मध्यम असावा. काळ्या आणि गडद निळ्या रंगात रात्रीच्या दिव्यात टाके दिसत नाहीत. हे मला ठाऊक असूनही मी गडद निळी घेऊन गेले, कारण भाच्याचा तो आवडता रंग. आपाच्या डोळ्यांना त्याचा त्रास झाला.

सुयांच्या नंबरांत एक गोम आहे. आपल्याकडे जुने नंबर अजून चालतात आणि त्यांत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ६ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. या स्वेटराला ६ नंबरची जोडी अंगाला आणि ८ नंबरची जोडी बॉर्डरला लागते.

टाके दोनच. सुलट टाक्याला धागा कामाच्या मागे ठेवायचा आणि सुई टाक्यात पुढून मागे घालायची. उलट टाक्याला धागा पुढे आणायचा आणि सुई मागून पुढे काढायची. एक ओळ सुलट, एक ओळ उलट अशी विणत गेलं की बाजारच्या स्वेटरासारखी साधी वीण येते. ती कडेला गुंडाळी होते, म्हणून खाली बॉर्डर हवी. एकाच ओळीत एक सुलट, एक उलट अशी बॉर्डर केली की ती रबरासारखी ताणते आणि परत बसते.

आधी वीस टाक्यांचा एक तुकडा चार-पाच इंच विणा आणि पट्टीनं मोजा, एका इंचात किती टाके बसतात. हा तुकडा सगळ्यांना फुकटचा वाटतो. आपालाही वाटला. पण प्रत्येकीचा हात वेगळा; कुणी आवळून विणते, कुणी सैल. जाड लोकरीवर ६ नंबरच्या सुईनं इंचाला ४ टाके यायला हवेत. ५ आले तर तुमचा हात आवळता आहे, सुई एक नंबर जाड घ्या. नाहीतर २२ इंचांचा भाग साडेसतरा-अठराचा होतो आणि स्वेटर धाकट्या भावाला जातो.

मुलगा समोर नव्हता, म्हणून आम्ही त्याचा घरी राहिलेला सैल शर्ट चटईवर पसरून मापं घेतली. काखेपासून काखेपर्यंत २२ इंच, लांबी २५ इंच. २२ इंचांचे ८८ टाके आणि शिवणीला दोन, म्हणजे ९०. बिस्मिल्लाह म्हणून ८ नंबरच्या सुईवर ९० टाके घातले. टाके घालताना दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घालावेत आणि मग एक सुई काढून घ्यावी. कड सैल राहते. अडीच इंच बॉर्डर झाली की ६ नंबरची सुई घेऊन साधी वीण. २३ इंच भरले की शेवटचे दोन इंच पुन्हा एक सुलट एक उलट, आणि टाके सैल हातानं बंद. ही झाली पाठ. पुढचा भाग हुबेहूब असाच.

वाचायला चार ओळी लागल्या. एका भागात सुमारे बारा हजार टाके असतात.

आठव्या दिवशी आपानं आठ इंच विणलं होतं. मी बघितलं तर कडा बाहेर पसरत चालल्या होत्या. मोजले तर ९० चे ९७ टाके झालेले. ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. ओळ उलटवल्यावर धागा सुईवरून मागे ओढला जातो, मग कडेचा पहिला टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणतो. असे सात ठिकाणी झाले होते. धागा नेहमी सुईच्या खालून न्यायचा आणि प्रत्येक चार ओळींनंतर टाके मोजायचे, एवढाच त्यावर उपाय.

उसवणं भाग होतं. सहा इंच गेले. आपा बघत बसली. मग म्हणाली, "सूरह नहलमध्ये ती बाई आहे ना, मजबूत कातलेलं सूत स्वतःच तोडून टाकणारी? ती मीच." मी म्हटलं, ती मिसाल शपथ मोडणाऱ्यांसाठी आहे, स्वेटर चुकणाऱ्यांसाठी नाही. ती हसली. दुलाभाई गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं. लगेच तिचे डोळे भरून आले आणि मी लोकर गुंडाळत राहिले.

त्या दिवसापासून आम्ही एक युक्ती केली, ती तुम्हीही करा. दर चार इंचांनी वेगळ्या रंगाचा सुती दोरा मोठ्या नाकाच्या सुईत ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून आरपार काढायचा आणि तसाच ठेवून पुढे विणायचं. पुढे चुकलं तर उसवताना काम त्या दोऱ्यापाशी थांबतं. स्वेटर पुरा झाला की दोरे ओढून काढायचे. मधेच एखादा टाका सुटून शिडीसारखा खाली घसरला तर क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी उचलत वर आणता येतो. त्यासाठी उसवायची गरज नाही.

बाहीचं माप शर्टावर असं घ्यावं: मानेच्या मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत मोजायचं आणि त्यातून अंगाची अर्धी रुंदी वजा करायची. आमचे ३१ मधून ११ गेले, राहिले २०. ढगळ स्वेटरात खांदा दंडावर उतरतो, म्हणून बाही छोटी लागते. मनगटाला ८ नंबरवर ४० टाके, अडीच इंच बॉर्डर. मग ६ नंबरची सुई घेऊन पहिल्या ओळीत सारख्या अंतरावर ६ टाके वाढवायचे, ४६ होतात. पुढे दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा, असं १४ वेळा, की ७४ होतात. वाढवणं म्हणजे एकाच टाक्यात एकदा पुढून आणि एकदा मागून विणणं. २० इंच झाले की बंद.

मनगटाची बॉर्डर आवळून विणू नका. वुजू करताना बाही कोपराच्या वर सरकली पाहिजे. बाजारच्या कित्येक स्वेटरांची हीच अडचण असते. थंडीत पोरं स्वेटर काढायचा आळस करतात आणि ओल्या बाह्यांनी नमाजला उभी राहतात.

बाह्यांपाशी आमची लोकर संपली. मी ५०० ग्रॅमच आणली होती. पुन्हा त्याच दुकानात, त्याच कंपनीची, त्याच नंबरची निळी लोकर घेतली, आणि दुसरी बाही उजेडात निळसर-जांभळी दिसू लागली. रंगाची प्रत्येक घाणी थोडी वेगळी निघते. वेष्टनावर तिचा लॉट नंबर छापलेला असतो. सगळी लोकर एकाच लॉटची, एकदाच, आणि थोडी जास्तच आणावी. ही चूक माझी. आपानं बाही उसवू दिली नाही.

शिवताना आधी खांदे. दोन्ही बाजूंनी २३-२३ टाक्यांइतकी रुंदी शिवली की मधे ११ इंच गळा राहतो. आधी टाचण्या लावून कुणाचं तरी डोकं घालून बघा, मगच शिवा. मग स्वेटर उघडा पसरून, खांद्याच्या शिवणीपासून पुढे-मागे ९-९ इंचांवर खूण करून, त्यांच्यामध्ये बाहीची वरची कड जोडायची. शेवटी बाहीच्या टोकापासून काखेपर्यंत आणि तिथून कमरेपर्यंत एकच शिवण. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका, वीण मरते आणि कापड लुळं पडतं. धुतल्यावर दोरीवर टांगू नका. टॉवेलवर पसरून वाळवा.

वीस जानेवारीच्या सुमारास पार्सल नाशिकला गेलं. फोटो आला. बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. विणलेलं कापड स्वतःच्या वजनानं उतरतं, तेव्हा बाही मापापेक्षा इंचभर कमीच विणावी, हे मी सांगायला विसरले होते. भाचा म्हणतो, दुमडून घालतो, आणि दोन बाह्यांचे दोन रंग मित्रांना मुद्दाम केलेले वाटतात. त्यानं ते दुरुस्त केलं नाही.

मार्चच्या सुरुवातीला आपाची इद्दत पुरी झाली. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघी लोकरीच्या दुकानात गेलो. उन्हाळा तोंडावर आलेला, दुकानदाराला नवल वाटलं. आपानं फिकट राखाडी लोकर उचलली, वेष्टनं उलटून लॉट नंबर एकेक करून जुळवले आणि म्हणाली, "सातशे ग्रॅम द्या. मुलीसाठी आहे."